तुम्ही पुढे व्हा

कुमारपर्वताच्या गवताळ चढावर सकाळी साडेदहाच्या सुमारास माझा आतेभाऊ एका दगडावर बसला आणि म्हणाला, ‘तुम्ही पुढे व्हा. मी बसतो इथे निवांत. येताना घ्या मला.’

अडचण अशी होती, की आम्ही त्या वाटेने परत येणारच नव्हतो. कुक्के सुब्रह्मण्यच्या बाजूने चढायचं, वाटेत एक मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी माथा गाठून पलीकडे कोडगूच्या अंगाला बीदहळ्ळीला उतरायचं, असा बेत होता. बीदहळ्ळीला गाडी सांगून ठेवली होती. दादाला हे पक्कं माहीत होतं. कोरमंगलातल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून ज्या कागदावर आम्ही हा बेत लिहिला, त्यावरचं अक्षर त्याचंच होतं. तरीही तो ‘येताना घ्या’ म्हणाला, आणि आम्हा तिघींपैकी कुणीही त्याला ‘येताना म्हणजे कधी?’ असं विचारलं नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. त्या दिवशी आम्ही माथ्यावर गेलो नाही. चौघंही परत फिरलो आणि कुणाला काही इजा झाली नाही. डोंगरातल्या गोष्टी सांगायला बसलं तर ही सांगण्यासारखी गोष्टच नाही. परत फिरण्याचा निर्णय बरोबर होता याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. तरी त्या सकाळी माझ्याकडून काहीतरी चुकलं, ही टोचणी जात नाही. निर्णय बरोबर असूनही माणूस चुकतो तो नेमका कुठे, हे मला शोधायचं आहे.

मला डोंगर दाखवले ते दादाने. कॉलेजच्या दिवसांत हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हे सगळं त्याच्या मागे चालत पाहिलं. तो ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाला, आमच्याकडे बंगळुरूला आला, आणि चहा पिता पिता म्हणाला, ‘कळसूबाईहून उंच काहीतरी दाखव आता.’ कळसूबाई १६४६ मीटर. कुमारपर्वत १७१२. फरक फार नाही, पण कुक्के गाव अगदी पायथ्याच्या सखल भागात असल्यामुळे दीड हजार मीटरहून जास्त उंची पायांनीच चढावी लागते. माझी मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि पुढच्या महिन्यात शिकायला परदेशी निघणार होती. जाण्याआधी मामाबरोबर एक डोंगर, असं तिने मागून घेतलं होतं. चौथी आमची शेजारीण, मूळची सकलेशपूरकडची. ती याआधी तीनदा कुमारपर्वत चढलेली, त्यामुळे वाट तिलाच ठाऊक.

कागदावर एक ओळ तिच्या आग्रहाने लिहिली होती. अकरा वाजेपर्यंत शेषपर्वत गाठला नाही, तर जिथे असू तिथून मागे. शेषपर्वत म्हणजे कुमारपर्वताच्या अलीकडचं शिखर. दादाने ती ओळ लिहिली, तिच्याखाली रेघ मारली, आणि कागद फ्रिजवर चुंबकाने लावला.

पहिल्या दिवशी जंगलातली खडी चढण संपवून आम्ही दुपारी भट्टर मनेला पोहोचलो. डोंगराच्या मध्यावरचं हे एका भटांचं घर. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे वर्षानुवर्षं भात-सांबार मिळत आलं आहे. तिथून पुढे झाडं संपतात. गवताची लांबच लांब धार, सावली नाही, आणि डिसेंबर असला तरी ऊन थेट माथ्यावर. चार दगडी खांबांचा कल्लु मंटप लागतो, आणि त्यानंतर शेषपर्वताची चढण सुरू होते. मंटपापाशी आम्ही साडेआठला यायला हवं होतं. पावणेदहा झाले. आणि साडेदहाला दादा दगडावर बसला. मांड्यांत गोळे आले होते. चेहरा पांढरा पडला होता. रात्रभर पायांत वांब येत होते आणि त्याने आम्हाला काही सांगितलं नव्हतं.

आता त्याच्या वाक्याकडे येते, कारण माझा व्यवसाय वाक्यांचा आहे.

मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलेलं आपल्या आज्यांना चालत नसे. ‘पुढे व्हा’ हे त्याच घरातलं वाक्य आहे. ‘पुढे जा’ म्हटलं तर जाणारा गेला आणि राहणारा राहिला. ‘पुढे व्हा’ म्हटलं की दोघं अजून एकाच वाटेवर असतात, एक जरा पुढे आणि एक जरा मागे. लग्नाला निघताना कुलूप शोधणारी आई ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणते, तेव्हा ‘मी आलेच’ हे तिला म्हणावंही लागत नाही. दगडावर बसलेल्या दादाने नेमके हे दोन शब्द निवडले. त्याला उठता येत नव्हतं, आणि त्याच्या वाक्यात मात्र तो आमच्या मागून येत होता.

शेजारणीने विचारलं, काय म्हणाले? मी भाषांतर केलं, ‘नीवु मुंदे होगि’ म्हणतोय. तिने क्षणभर आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, ‘हिंदे यारु इर्तारे?’ मागे कोण राहणार? माझ्या भाषांतरात ‘मी आलोच’ गळून पडलं होतं, म्हणून तिला तो प्रश्न लगेच दिसला. मूळ मराठी वाक्य ऐकणाऱ्या आम्हा दोघींना दिसला नव्हता, किंवा पाहायचा नव्हता.

आपल्याला हे वाक्य ऐकताना अंगावर काटा येतो, त्याला एक कारण इतिहासाचं आहे. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे मागे थांबले आणि शिवाजी महाराज विशाळगडाकडे पुढे झाले. शाळेत असताना ऐकलेली ही गोष्ट प्रत्येक मराठी ट्रेकरच्या पाठीवरच्या पिशवीत असतेच. दरवर्षी पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जाणाऱ्या तरुणांच्या रांगा त्यासाठीच लागतात. मागे राहणारा मोठा, हे आपण तिथून शिकलो. पण घोडखिंडीत तीन गोष्टी होत्या. पाठीवर शत्रू होता. पुढे जाणाऱ्याचं पुढे जाणं मागे राहणाऱ्याच्या जिवापेक्षा मोठ्या कामासाठी होतं, आणि ते दोघांनाही मान्य होतं. आणि गडावर पोहोचल्यावर तोफा व्हायच्या होत्या, म्हणजे मागे राहणाऱ्याला आपलं काम कधी संपलं हे कळणार होतं. कुमारपर्वतावर आमच्या पाठीवर कोण होतं? सुट्टीचा दिवस. माथ्यावर काय होतं? दगडांचा ढीग, वारा आणि मोबाइलमधला एक फोटो. युद्धातलं वाक्य आपण सहलीत वापरतो तेव्हा सहलीला युद्धाचं वजन येतं, आणि मग थांबणं ही साधी गोष्ट राहत नाही. ती माघार होते.

याच वाक्याचं याहून कठीण रूप दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉटच्या तुकडीत सापडतं. मार्च १९१२. कॅप्टन ओट्सचे पाय हिमदंशाने निकामी होत आले होते. त्याने सोबत्यांना सांगितलं, मला माझ्या झोपण्याच्या पिशवीत इथेच ठेवा आणि तुम्ही पुढे जा. त्यांनी ऐकलं नाही, त्याला आणखी काही मैल चालवत नेलं. नंतर एका सकाळी वादळ चालू असताना तो तंबूतून उठून बाहेर गेला आणि परत आला नाही. स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स पुढे चालले, आणि अन्नसाठ्यापासून सुमारे अकरा मैलांवर तिघंही मेले.

ओट्सचं शौर्य सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातला पहिला आणि दुसरा प्रसंग यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. ‘मला इथे ठेवा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. हो म्हणावं तर जन्मभराचं ओझं, नाही म्हणावं तर सगळ्यांच्या जिवाला धोका. दुसऱ्या वेळी त्याने कुणाला उत्तर द्यायची वेळच येऊ दिली नाही. म्हणजे ‘तुम्ही पुढे व्हा’ हे वाक्य वरून त्यागाचं दिसलं, तरी त्यात एक प्रश्न असतो, आणि तो ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडतो. म्हणणारा त्यातून मोकळा होतो असं नाही. पण आता काय करायचं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं असतं.

मग मी काय ठरवलं? मी म्हटलं, ‘दादा, रात्रीच का नाही बोललास?’

आवाज चढला नव्हता. शब्दही साधेच. पण पाण्याची बाटली त्याच्या हातात देताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि तो ‘चुकलंच माझं’ म्हणाला तेव्हा मी ‘नाही रे’ म्हणायला एक क्षण उशीर केला. तो क्षण त्याने मोजला असणार. मग आम्ही परत फिरलो.

महाभारताच्या अखेरीला एक डोंगर चढण्याची गोष्ट आहे. महाप्रस्थानिक पर्वात पाच पांडव आणि द्रौपदी हिमालय ओलांडून मेरूकडे निघतात, बरोबर एक कुत्रा. वाटेत आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम विचारतो, ही का पडली, हा का पडला? आणि युधिष्ठिर मागे वळून न बघता उत्तर देतो. द्रौपदीचा अर्जुनाकडे अधिक ओढा होता. सहदेवाला बुद्धीचा गर्व होता, नकुलाला रूपाचा. अर्जुनाने एका दिवसात शत्रू मारीन अशी बढाई मारली होती. भीम स्वतः पडला तेव्हा त्यालाही उत्तर मिळालं, तू खादाड होतास आणि बळाची घमेंड करायचास.

पूर्वी मी हा भाग वाचायचे तेव्हा मला युधिष्ठिराचं न थांबणं क्रूर वाटायचं. कुमारपर्वतानंतर त्याची उत्तरं जास्त क्रूर वाटतात. न थांबण्याचं समर्थन होऊ शकतं, त्या वाटेला निघताना सगळ्यांनी तेच ठरवलं होतं. पण जो पडला त्याच्या पडण्याचं कारण त्याच्याच स्वभावात शोधून द्यायचं, ही कशाची गरज? मला वाटतं, पुढे चालत राहणाऱ्याला ती गरज असते. मागच्याचा दोष सापडला की पाय हलके होतात. आणि मला त्या दिवशी जे कळलं ते हे, की परत फिरणाऱ्यालाही ती गरज असते. युधिष्ठिर पुढे गेला, मी मागे फिरले, पण ‘का पडला?’ या प्रश्नाला दोघांनी एकाच जातीचं उत्तर दिलं. त्याचं उत्तर, तो खादाड होता म्हणून. माझं उत्तर, तो रात्री बोलला नाही म्हणून.

आणि माझं उत्तर खरंही नव्हतं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. आदल्या संध्याकाळी भट्टर मनेच्या अंगणात उतरताना दादा पाय तिरका टाकत होता, ते मी पाहिलं होतं. त्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही, ताक तसंच ठेवलं, ते पाहिलं होतं. रात्री तो दोनदा उठून बाहेर गेला, तेव्हा मी जागी होते. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो कदाचित खरं बोलला असता, आणि खरं बोलला असता तर मुलीचा डोंगर राहिला असता. मी झोपेचं सोंग घेऊन बेत वाचवत होते. दादाही तेच करत होता. त्याने न सांगणं आणि मी न विचारणं हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम होतं. सकाळी पावती मात्र मी एकट्या त्याच्या नावावर फाडली.

कुठलाही बेत आखताना आपण दिवस, वाट, पाणी, गाडी यांचा विचार करतो. बेतात कुणाला ‘मला जमत नाही’ म्हणायला जागा आहे का, हे पाहत नाही. आमचा बेत प्रेमाचा होता. दादाची हौस, मुलीचा निरोप, माझ्या मनातली गुरुदक्षिणा. बेत जितका प्रेमाचा, तितकं त्यात तोंड उघडणं अवघड. गिऱ्हाईक म्हणून पैसे भरून गेलेला माणूस ‘माझे पाय दुखतायत’ असं सहज म्हणतो. भाचीच्या निरोपाला आलेला मामा म्हणत नाही.

मग अकराच्या त्या नियमाचं काय? तोच मला सगळ्यात जास्त सतावतो. नियम होता, लेखी होता, आणि साडेदहाला दिसत होतंच की अकरापर्यंत शेषपर्वत गाठणं शक्य नाही. मला एवढंच म्हणायचं होतं, ‘दादा, अकराचं काही जमत नाही, कागदाप्रमाणे फिरू या.’ मग आम्हाला घड्याळाने फिरवलं असतं, दादाने नाही. असे नियम सुरक्षिततेसाठी असतात असं आपण मानतो, आणि ते असतातच. पण त्यांचं दुसरंही एक काम असतं. कारण कुणाच्याही अंगाला चिकटू नये, याची ते सोय करतात. खाली, पोट भरलेलं असताना, सगळे सारखे दमदार असताना केलेला नियम हा वर जो कुणी दमेल त्याच्यासाठी आधीच मागून ठेवलेली माफी असते. मी ती वापरली नाही. माझ्याकडे कागद होता, आणि मी माणूस वापरला.

नियम न वापरण्याची किंमत याहून फार मोठी असू शकते. १९९६च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर जे घडलं, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. न्यूझीलंडचा रॉब हॉल हा अत्यंत काटेकोर मार्गदर्शक. आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, त्याने डग हॅन्सन या आपल्या गिऱ्हाइकाला माथा जवळ दिसत असताना उशीर झाला म्हणून परत फिरवलं होतं. दुसऱ्या वर्षी हॅन्सन पुन्हा आला. १० मेला परत फिरण्याची वेळ दुपारी एक, फार तर दोन अशी मानली जात होती. हॅन्सन माथ्यावर पोहोचला तेव्हा चार वाजून गेले होते, आणि हॉल त्याच्यासाठी थांबला होता. मग वादळ आलं. दोघंही खाली आले नाहीत. त्या वादळात डोंगरावर एकूण आठ माणसं गेली. हॉलच्याच तुकडीतले तिघे गिऱ्हाईक सकाळी रांग आणि घड्याळ पाहून आपणहून खाली वळले होते. ते वाचले.

हॉलच्या मनात त्या दुपारी काय होतं ते आपण सांगू शकत नाही. पण गेल्या वर्षी ज्याला फिरवलं त्याला पुन्हा फिरवणं कुणालाही जड जाईल, एवढं समजतं. म्हणजे पहिल्यांदा परत फिरल्यानंतरचं ‘माझ्यामुळे याचं राहिलं’ हे ओझं वर्षभर कुठेतरी शिल्लक राहतं, आणि पुढच्या डोंगरावर ते आपल्याबरोबर चढतं. परत फिरणं नीट पार पडलं नाही तर ते संपत नाही. म्हणून ते कसं केलं जातं याला महत्त्व आहे.

परतीच्या वाटेवर दादा प्रत्येक थांब्यावर म्हणत होता, ‘माझ्यामुळे पोरीचं राहिलं.’ आणि आम्ही प्रत्येक थांब्यावर म्हणत होतो, ‘छे, तसं काही नाही.’ शेजारीण म्हणाली, ‘बेट्ट एल्लिगू होगल्ल.’ डोंगर कुठे जात नाही. हे वाक्य जगातल्या सगळ्या डोंगराळ भाषांत असणार, आणि ते चांगल्या मनाने म्हटलं जातं. पण ते खरं नाही. डोंगर जात नाही, गुडघे जातात. मुलगी पुढच्या महिन्यात गेली. २०२४च्या जानेवारीत जोडून आलेल्या सुट्टीत कुमारपर्वतावर अशी गर्दी लोटली की ऑनलाइन नोंदणीची व्यवस्था होईपर्यंत कर्नाटक सरकारने अशा वाटा बंद ठेवल्या. म्हणजे वाटही जाते. दादा, मी आणि एकोणीस वर्षांची ती मुलगी असे तिघं कुमारपर्वतावर उभे आहोत, हे आता कधीच होणार नाही. नुकसान झालं होतं. ‘काही नाही झालं’ म्हणून आम्ही ते दादाच्या एकट्याच्या पदरात टाकलं, कारण ज्याला आपल्यामुळे काय गेलं ते स्पष्ट दिसत असतं, त्याला ‘काही गेलंच नाही’ असं सांगणं म्हणजे त्या विषयावर त्याच्याशी बोलायला नकार देणं. त्यापेक्षा मुलीने ‘हो मामा, मला वाईट वाटतंय’ म्हटलं असतं आणि मग त्याच्याशेजारी बसली असती, तर ते ओझं चौघांत वाटलं गेलं असतं.

परत कोरमंगलाला आले तर तिथे बेत बदलण्याला वेगळीच प्रतिष्ठा. आमच्या या भागात २००७ साली एका फ्लॅटमध्ये फ्लिपकार्ट सुरू झाली, आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक कॉफीच्या टेबलावर कुणीतरी काहीतरी सुरू करत असतं. बेत फसला की त्याला इथे ‘पिव्हट’ म्हणतात. ‘आम्ही पिव्हट केलं’ हे वाक्य शेजारच्या टेबलावरून मी कितीदा ऐकलं असेल. त्यात कसलीही लाज नसते, आणि सह्याद्रीत वाढलेल्या मला सुरुवातीला त्याचा हेवा वाटायचा. आमच्याकडे त्याला माघार म्हणतात, आणि माघार म्हटली की मान खाली. पण हळूहळू लक्षात आलं की ‘पिव्हट’च्या वाक्यात दगडावर बसलेला माणूस कधी नसतो. कंपनी वळली, त्या वळणावर कोण उतरलं, त्याला कुणी काय म्हणालं, हे त्या वाक्यात मावत नाही. ‘माघार’ या शब्दात निदान कुणीतरी हरल्याची नोंद आहे. दोन्ही शब्द अपुरे. एकात लाज सगळी एकावर येते, दुसऱ्यात ती कुणावरच येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शेजारीण दादाजवळ थांबली असती, आम्ही दोघी माथ्यावर जाऊन त्याच वाटेने परत आलो असतो, तर काय बिघडलं असतं? वाट आम्हाला माहीत नव्हती, ही एक अडचण. पण समजा माहीत असती. तरीही ते चुकीचंच झालं असतं असं मी म्हणणार नाही. चार जण एकत्र निघाले म्हणून चौघांनी एकाच दगडाला खिळून बसावं, असा काही धर्म नाही. दादाला खरोखरच तिथे निवांत बसायचं असतं, तर त्याला ओढत वर नेणं किंवा त्याच्यासाठी सगळ्यांनी खाली येणं, दोन्ही त्याचा अपमान. ‘मी बसतो’ ही त्याची इच्छा आहे की तो काहीतरी फेडतो आहे, एवढंच ओळखायचं असतं. आणि ते ओळखण्याचा एकच मार्ग आहे. विचारणं. तेही असं, की दोन्ही उत्तरं देता येतील. ‘तुला काय वाटतं, दादा?’ हा प्रश्न होता. ‘रात्रीच का नाही बोललास?’ हा निकाल होता.

युधिष्ठिराची गोष्ट महाप्रस्थानात संपत नाही. रथ घेऊन आलेल्या इंद्राला तो आधी भावांबद्दल विचारतो, तेव्हा इंद्र सांगतो, ते तुझ्या आधी तिथे पोहोचले आहेत. ज्यांना तो मागे टाकून आला, ते पुढे झाले होते. मग कुत्र्याला सोडून यायला तो नकार देतो, तो प्रसंग सर्वांना माहीत आहे. पण मला आता जास्त जवळचा वाटतो तो त्यानंतरचा, स्वर्गारोहण पर्वातला. स्वर्गात त्याला भाऊ दिसत नाहीत. तो त्यांच्याकडे न्यायला सांगतो, आणि दूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधी वाटेने नरकात नेतो. परत वळणार तोच अंधारातून आवाज येतात, थोडा थांब, तू आल्याने आम्हाला बरं वाटतं. तुम्ही कोण, असं विचारल्यावर कर्ण, भीम, अर्जुन, द्रौपदी अशी नावं ऐकू येतात. तेव्हा तो दूताला सांगतो, तू जा, मी इथेच राहतो. हिमालयात ज्याने मागे पाहिलं नाही, तो इथे मागे राहिला. आणि या वेळी कोण का पडलं याची कारणं त्याने दिली नाहीत.

गेल्या दिवाळीत आम्ही नाशिकला गेलो होतो. मुलगीही आली होती. संध्याकाळी पांडवलेण्यांवर जायचं ठरलं. ही लेणी बौद्धांची, पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही, पण लोकांनी नाव पांडवांचं दिलं ते दिलं. दादाचे गुडघे आता पायऱ्यांना कुरकुर करतात. कुमारपर्वतानंतर तो आमच्याबरोबर कुठलाही डोंगर चढलेला नव्हता, आणि घरी कुणी विषय काढला की ‘मी यांचा ट्रेक बिघडवला होता’ असं हसून सांगायचा. पायथ्याशी येताच तो म्हणाला, ‘तुम्ही पुढे व्हा.’

मी म्हटलं, ‘आधी वेळ ठरवू. साडेपाचला जिथे असू तिथून सगळे खाली.’ तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, ‘पावणेसहा कर. उजेड असतो.’

साडेपाचच्या सुमारास आम्ही निम्म्याहून थोडं वर, एका वळणावर बसलो होतो. मी त्याला म्हटलं, ‘तेव्हा तुझ्या पायांत गोळे येतायत हे मला रात्रीच कळलं होतं. मी विचारलं नाही.’ तो बराच वेळ काही बोलला नाही. खाली महामार्गावर दिवे लागत होते. मग म्हणाला, ‘मला माहीत होतं तू जागी आहेस ते.’ मुलगी म्हणाली, ‘मला खूप वाईट वाटलं होतं, मामा. आठवडाभर.’ ‘वाटणारच,’ तो म्हणाला.

पावणेसहाला तोच आधी उठला. ‘चला, झाली वेळ,’ म्हणाला, आणि कठडा धरून सगळ्यांच्या पुढे उतरायला लागला.